डॉक्टरसाहेब, आमच्या वेळाही एकदा विचारा

प्रति,
कोल्हापूर जिल्ह्यातील समस्त डॉक्टर मंडळी
(सरकारी, खाजगी, आणि सकाळी एक व संध्याकाळी दुसरे असणारेही)



पत्र लांबणार आहे. तुमच्या दवाखान्यात आमच्या वाट्याला जेवढा वेळ येतो, तेवढ्यात हे सांगून होत नाही, म्हणून लिहून पाठवते.

मी बिद्री परिसरातल्या एका दूध संस्थेची सचिव. वय ४७. रक्तदाबाची एक आणि थायरॉईडची एक अशा दोन गोळ्या माझ्या नावावर आहेत. सकाळ-संध्याकाळ संस्थेचं दार उघडलं की दुधाची रांग लागते, आणि त्या रांगेत चाळीस ते साठ वयाचीच माणसं जास्त. म्हातारी घरी, पोरं पुण्याला. दूध मापून, फॅट लावून पावती हातात पडेपर्यंत जी दोन-चार मिनिटं मिळतात त्यात लोक बोलतात. कुणाची शुगर निघाली, कुणाच्या छातीत धडधडतंय, कुणाला कोल्हापूरला न्यायला सांगितलंय. तुमच्या चिठ्ठ्याही माझ्यापुढं येतात, कारण मेडिकलवाल्यानं काय सांगितलं ते घरी पोचेपर्यंत विसरलेलं असतं, आणि तुमचं अक्षर... असो.

इतक्या चिठ्ठ्या वाचून माझी एक तक्रार पक्की झाली आहे. तुम्ही वजन विचारता, तंबाखू विचारता, घरात आणखी कुणाला आहे का विचारता. पण हा माणूस उठतो कधी, झोपतो कधी, जेवतो कधी आणि त्याच्या घरात त्याच्या जिवावर किती जण आहेत, हे कुणी विचारत नाही. सगळा उपचार मात्र याच गोष्टींवर अवलंबून असतो.

फाईलच्या मागं सूचना छापलेल्या असतात. सात-आठ तास झोप घ्या. रोज अर्धा-पाऊण तास भरभर चाला. जेवणाच्या वेळा पाळा. मीठ कमी करा. मानसिक ताण टाळा. यातलं एकही वाक्य चुकीचं नाही, आणि तुम्ही ते आमच्या भल्यासाठीच सांगता, हेही कबूल. फक्त ज्याचा दिवस त्याच्या स्वतःच्या ताब्यात आहे अशा माणसासाठी ते लिहिलंय. आमच्या भागात असा माणूस शोधावा लागेल.

दिवाळी झाली की दूधगंगा-वेदगंगा कारखान्याच्या धुराड्यातून धूर निघायला लागतो आणि तिथून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत कागल, राधानगरी, भुदरगडच्या शेकडो घरांचं घड्याळ बदलतं. साखर कारखान्यातली ड्युटी म्हणजे चार ते बारा, बारा ते आठ, आठ ते चार. ही चार पहाटेची. पाळी फिरती असते. एका वेळेला अंगाला सवय लागतेय तोवर ती बदलते. यात कारखान्याचा दोष नाही, बॉयलर पेटला की तो रात्र आहे म्हणून विझवता येत नाही. पण ड्युटीवरून आलेल्या माणसाला आल्या आल्या झोपही मिळत नाही, कारण तो नुसता कामगार नसतो, शेतकरीही असतो. शेतीपंपाची वीज अजून बऱ्याच ठिकाणी आलटून पालटून दिवसा आणि रात्री येते. रात्रीची आली की पाणी पाजायला रात्रीच जावं लागतं. त्यात ऊसतोड आली की संपलंच. ऊस वाळत चाललाय, टोळी मिळत नाही, मिळाली तर खुशाली म्हणून वरचे पैसे मागते, आणि आज आलेली टोळी सोडली तर परत कधी येईल याचा भरवसा नाही. ह्या माणसाला तुम्ही ‘ताण टाळा’ म्हणता. तो मान हलवतो, तुमची फी देतो आणि फडात जातो.

आणि ह्या माणसाच्या घरात एक बाई असते. नवऱ्याची पाळी एकच असते, तिला तिन्ही असतात. चारच्या ड्युटीला डबा करायला ती तीनला उठते. रात्रपाळी करून तो पहाटे आला की दार उघडायला तीच उठते. मधल्या वेळात गोठा, शेणघाण, धार, वैरण, सासू-सासऱ्यांचं पथ्यपाणी, बारावीच्या पोरीचा क्लास, आणि कामाला जात असेल तर तेही. केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्यानं २०२४ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात घालवतात, पुरुष ८८ मिनिटं. आजारी-म्हाताऱ्यांची आणि मुलांची देखभाल त्याच्या वर वेगळी. तुमच्या सूचनेतला चालण्याचा पाऊण तास या २८९ मिनिटांतून काढायचा की झोपेतून, एवढं जर कुणी फाईलवर लिहून दिलं तर फार उपकार होतील.

आता गोळ्यांकडं येते, कारण माझी खरी कळकळ तिथं आहे.

थायरॉईडची गोळी उठल्या उठल्या उपाशीपोटी घ्यायची आणि अर्धा-पाऊण तास चहासुद्धा नाही, असं तुम्ही सांगता. बरोबरच आहे. पण आमच्याकडं बाई उठते ती चुलीवर चहा ठेवूनच गोठ्यात जाते. त्या चहाशिवाय धार निघत नाही. म्हणजे म्हशीची निघते, हिच्या हाताला जोर येत नाही. मग कधी गोळी चहाबरोबर जाते, कधी ‘आज राहू दे’ म्हणून राहते, आणि सहा महिन्यांनी टीएसएच वाढलेला दिसला की तुम्ही डोस वाढवता. हीच गोळी रात्री झोपताना, जेवणानंतर तीन तासांनी घेतली तरी चालते, हे मला बऱ्याच काळानं एका डॉक्टरांनी सांगितलं. आमच्यात नऊला जेवण होतं आणि बारापर्यंत कोण जागतंय, हा प्रश्न उरतोच. पण निदान पर्याय आहे हे तरी कळलं. आपल्या दिवसात कुठला बसतो ते आपण ठरवू. पर्याय आहे हे सांगायला किती वेळ लागतो?

मधुमेहाच्या चिठ्ठीवर ‘सकाळी-संध्याकाळी’ लिहिलेलं असतं. रांगेत एकानं मला विचारलं, “वैनी, गोळी सकाळची म्हणत्यात, पर माझी सकाळ कुठली ओ? मी तर सकाळी झोपतोय.” तो चेष्टा करत नव्हता. आठ ते चारची ड्युटी करून तो घरी येतो, गोळी खातो आणि न जेवता आडवा होतो. ग्लिमेपिराईडसारखी गोळी पोटात असेल आणि जेवण चुकलं तर साखर खाली उतरते, घाम सुटतो, चक्कर येते, हे तुम्हाला पाठ आहे. त्याला ते कुणी सांगितलेलं नव्हतं. यंत्रापुढं उभ्या असलेल्या माणसाला आलेली चक्कर म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको. ‘सकाळी’ऐवजी ‘झोपून उठल्यावर, पहिल्या जेवणाबरोबर’ असं लिहिलं असतं तर चिठ्ठीवर तीन शब्द जास्त लागले असते, एवढंच.

रक्तदाबाच्या गोळीची तर उलटीच गंमत. सकाळी आठची गोळी राहिली म्हणून दिवसभर गोळीच न घेणारी माणसं मी पाहिली आहेत. ‘आता वेळ गेली, उद्या घेतो’ म्हणतात, आणि उद्याही वेळ जाते. ब्रिटनमध्ये २१ हजारांहून जास्त रुग्णांवर याच प्रश्नाचा अभ्यास झाला, २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये तो छापून आला, आणि निष्कर्ष असा की रोजची गोळी सकाळी घ्या किंवा रात्री, हृदयविकार आणि पक्षाघात टाळण्याच्या बाबतीत फरक पडत नाही. ज्याला जी वेळ जमते ती बरी. हे तुम्ही वाचलेलं असणारच, कारण मी वाचलंय. मग आम्हाला का सांगत नाही? शहरातल्या नोकरदाराला या माहितीचा उपयोग थोडा. तिची खरी गरज फिरत्या पाळीच्या आमच्या गावांना आहे.

दुसरी तक्रार तुमच्या खुर्चीची आहे. तुमच्यासमोर एकच खुर्ची रुग्णाची. त्यावर माझ्या सासूबाई बसतात. त्यांच्या मागं फाईल, पिशवी, पाण्याची बाटली आणि आधी केलेले रिपोर्ट घेऊन मी उभी असते. तुम्ही त्यांचं बीपी घेता, मला औषधांच्या वेळा समजावता, ‘यांना पडू देऊ नका’ म्हणता. मागं उभी राहिलेली बाई पंचेचाळीस-पन्नासची आहे, चेहरा सुजल्यासारखा आहे, जिना चढून आली तर दम लागलाय, हे तुम्हाला दिसत नसेल असं मी म्हणत नाही. पण ती तुमची पेशंट नसते. गावागावातल्या बायकांना पहिल्यांदा बीपी कळतं ते असंच, कधीतरी कुणी गमतीनं पट्टा बांधला म्हणून. सरकारी कार्यक्रमात तिशीच्या पुढच्या प्रत्येकाची रक्तदाब-मधुमेहाची तपासणी व्हायची आहे, आशाताई घरोघरी फॉर्म भरून नेतात. पण जी बाई तुमच्या दारात आपल्या पायांनी येऊन उभी आहे, तिच्या दंडाला पट्टा बांधायला फॉर्म कशाला लागतो? माझी विनंती साधी आहे: रुग्णाबरोबर येणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक माणसाचं बीपी त्याच बैठकीत घ्या. पैसे लावा हवे तर.

त्याच वयात बाईची मासिक पाळी जायला लागते. आपल्याकडं साधारण ४६-४७ च्या आसपास. रात्री अंग पेटतं, घाम फुटतो, झोप मोडते, छातीत धडधडतं, उगाच रडू येतं किंवा पोरांवर हात उगारला जातो. यावर आम्हाला दोनच उत्तरं मिळत आली आहेत: ‘वयामुळं होतं’ आणि कॅल्शियमची बाटली. वयामुळं होतं हे आम्हालाही कळतं. वयामुळं मोतीबिंदूही होतो, त्याचं तुम्ही ऑपरेशन करता. यावर उपाय आहेत, कुणाला चालतात, कुणाला नाहीत, एवढं तरी बसवून सांगा. आणि ते सांगताना कंपाउंडर, पुढचा पेशंट आणि त्याचे दोन नातेवाईक आत उभे नसावेत.

दार लावून बोलण्याची गरज बायकांपेक्षा पुरुषांना जास्त आहे, असं माझं रांगेतलं मत. बाई निदान रडते. आमच्याकडचा पन्नाशीचा गडी ‘गॅस झालाय’ म्हणून येतो. गॅस नसतो. पोरीचं लग्न ठरलंय, सोसायटीचं कर्ज नवं-जुनं करायचंय, पोराला पुण्यात दहा बाय दहाच्या खोलीचं भाडं आणि आईला अर्धांग. तो तुम्हाला यातलं काही सांगणार नाही. तुम्ही त्याला ॲसिडिटीची गोळी देता, तो संध्याकाळी त्यावर आणखी काही घेतो. ‘रात्री झोप लागते का? मनात जिवाचं बरंवाईट करायचं येतं का?’ हे दोन प्रश्न दार लावून, त्याच्याकडं बघत विचारा. पहिल्या वेळी नाही म्हणेल. दुसऱ्या वेळी कदाचित सांगेल. केंद्र सरकारचा टेली-मानस नावाचा फोन आहे, १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, मराठीतून बोलतात. आमच्या संस्थेच्या भिंतीवर मी हा नंबर दुधाच्या दरपत्रकाशेजारी चिकटवलाय. तुमच्या दवाखान्यात औषध कंपन्यांची कॅलेंडरं आहेत, त्यांच्या शेजारी तेवढीच जागा लागेल.

येण्याजाण्याचं थोडक्यात सांगते. मुदाळतिट्ट्यावरून गाडी मिळाली तरी कोल्हापूर लांबच. तिथल्या सीपीआर रुग्णालयाला एक चक्कर म्हणजे सकाळची धार कुणाच्या तरी गळ्यात घालून निघायचं आणि संध्याकाळच्या धारेला परत यायचं. म्हैस तुमच्या अपॉइंटमेंटसाठी थांबत नाही. पंधरा दिवसांच्या गोळ्या देऊन ‘परत या’ म्हटलं की आम्ही परत येत नाही; गोळ्या संपतात आणि विषय संपतो. फोंडा घाट उतरला की सिंधुदुर्ग. तिथं, आणि साताऱ्यातही, भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम पहिल्या टप्प्यातच सुरू झाला होता. त्याचं तत्त्वच असं की औषधं ठरावीक आणि साधी ठेवायची, रुग्णाला एका वेळी महिन्याची द्यायची आणि पुन्हा घ्यायला लांब न पाठवता जवळच्या उपकेंद्रावर द्यायची. घाटाखाली जे जमतं ते घाटावर का जमू नये? खाजगीतल्या डॉक्टरांना तर यासाठी कुठल्या आदेशाचीही वाट बघायची गरज नाही. ज्याचा रक्तदाब आटोक्यात आहे त्याला महिन्याच्या, दोन महिन्यांच्या गोळ्या लिहून द्या, आणि मधल्या काळातला बीपीचा आकडा फोनवर घ्या. तुमची एक फी बुडेल, हे मला कळतं.

‘विमा आहे ना तुमचा?’ असंही विचारलं जातं. महात्मा फुले योजनेचं कार्ड घरोघर आहे, पण ते दवाखान्यात भरती झाल्यावर कामाला येतं. रोजच्या गोळीला नाही. कामगार विम्याचा दवाखाना म्हणाल, तर १९४८ च्या त्या कायद्यानं हंगामी कारखाने बाहेर ठेवले, आणि हंगामी कोणते याच्या यादीत साखर आणि गूळ आहेत. म्हणजे अटॅक येऊन पडलो तर सरकार आमच्या मागं उभं आहे. न पडण्याचा खर्च आमचा आम्ही करायचा.

सरकारच्या आरोग्य मोहिमाही येतात. सप्टेंबर २०२२ मध्ये नवरात्राच्या सुमाराला ‘माता सुरक्षित तर घर सुरक्षित’ आली, २०२५ च्या सप्टेंबरात ‘स्वस्थ नारी, सशक्त परिवार’. दोन्ही चांगल्या, अनेक बायकांचं रक्त त्यात पहिल्यांदा तपासलं गेलं. दोन्ही नावांत बाईची तब्येत घरासाठी का मोजली आहे, तिची तिच्यासाठी म्हणून का नाही, हे मात्र मला अजून कुणी सांगितलेलं नाही. आणि शिबिरात बीपी वाढलेलं निघालेल्या बाईचं पुढं काय झालं, हे पुढच्या शिबिरापर्यंत कुणी विचारत नाही.

मी हे सगळं नवं सांगत नाही. इथून जवळच गारगोटीला मौनी विद्यापीठ आहे. ते उभं करणारे जे. पी. नाईक शिक्षणतज्ज्ञ म्हणून सगळ्यांना माहीत आहेत. त्यांनी आयुष्याच्या शेवटी आरोग्यावर काम केलं, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. सामाजिक शास्त्रांच्या आणि वैद्यकीय संशोधनाच्या अशा देशातल्या दोन मोठ्या परिषदांनी मिळून १९८१ मध्ये ‘सर्वांसाठी आरोग्य : एक पर्यायी धोरण’ या अर्थाचा अहवाल काढला, त्यात नाईकांचा मोठा वाटा होता. बाहेरून आणलेली, शहरी, हॉस्पिटलकेंद्री व्यवस्था वरून खाली झिरपवत बसू नका, लोक राहतात तिथून सुरुवात करा, असा त्याचा रोख होता. त्याच वर्षी ते गेले. आजऱ्याच्या मातीतल्या माणसानं हे लिहिलं आणि त्याच्याच जिल्ह्यात अजून बीपी दाखवायला दुधाची वेळ मोडून यावं लागतं, हे मला खटकतं. तुम्हालाही खटकावं.

तुमची बाजू मला दिसत नाही असं समजू नका. तुमच्यातले निम्मे जण आमच्याच वयाचे आहेत. सकाळची ओपीडी, दुपारी ऑपरेशन, संध्याकाळी पुन्हा ओपीडी, रात्री तातडीचा फोन. तुमची पोरं नीटच्या क्लासला कोट्याला किंवा लातूरला, आणि आई-वडील गावी. तुमचंही बीपी शेवटचं कधी कुणी घेतलं होतं, मला शंका आहे. म्हणून तर वाटतं की आमच्या वेळांचा हिशेब तुम्हालाच सगळ्यांत लवकर कळायला हवा.

आता शेवटची मागणी, आणि तिच्याबरोबर आमची तयारीही. जिल्ह्यात गावोगाव दूध संस्था आहेत. १९६३ पासून ‘गोकुळ’ दूध संघाचं जाळं विणलं गेलं, त्यामुळं दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी, गावातली निम्मी मधल्या वयाची माणसं एका दारात येऊन उभी राहतात. इतकी हक्काची ओपीडी तुम्हाला कुठं मिळणार? आठवड्यातून एक दिवस तुमच्यातला एक जण, किंवा तुमची नर्स, सकाळी साडेसहाला संस्थेत येऊन बसू द्या. टेबल, खुर्ची, लाईट आमची. बीपीचं मशीन घ्यायला संचालक मंडळाकडं मी विषय मांडते. नोंदवही मी ठेवते. फॅट आणि एसएनएफ रोज लिहिणाऱ्या बाईला वरचा आणि खालचा असे दोन आकडे लिहायला जड नाहीत. वाढलेला आकडा निघाला तर तुम्ही तिथंच विचारा: कितीला उठता, कितीला झोपता, पाळी कुठली, घरी कोण कोण. मग गोळीची वेळ ठरवा.

वार तुम्ही ठरवा. फक्त दर दहा दिवसांनी दुधाचं बिल वाटतो तो दिवस नको. त्या दिवशी सगळ्यांचं लक्ष पैशाकडं असतं आणि सगळ्यांचंच बीपी वाढलेलं निघेल.

कळावे,

आपली नम्र,
एक दूध संस्था सचिव
बिद्री परिसर, ता. कागल, जि. कोल्हापूर